झाकली मूठ

दिवाळीच्या पाडव्याला बलिप्रतिपदा म्हणतात हे सर्वांना ठाऊक असते. त्याच तिथीला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे, हे मात्र आपण चारचौघांत फारसे बोलत नाही. त्या दिवशी द्यूत खेळावे आणि त्यातल्या हारजितीवरून पुढच्या वर्षाचे भविष्य ताडावे, अशी जुनी समजूत. आमच्या घरी या आज्ञेचे पालन अगदी बेताने होई. दुपारची जेवणे उरकली, की वडील माजघरात सतरंजी अंथरीत आणि मेंढीकोटाचे चार डाव मांडीत. पैसा लावायचा नाही, हा दंडक. पैजेला काय, तर चकलीचे तुकडे; आणि तेही संध्याकाळी ज्या डब्यातून आले त्याच डब्यात परत जात.

अशा सात्त्विक द्यूतपरंपरेत वाढलेल्या माणसावर सख्ख्या भाच्याचे पत्ते सोडवण्याची कामगिरी येऊन पडावी, यासारखा विनोद नाही. पण ती माझ्यावर पडली खरी.

या सदराच्या वाचकांना आमची ताई परिचयाची आहे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आणि जगातल्या कोणत्याही अडचणीवर मराठीच्या प्राध्यापकाने व्याख्यान दिले की ती दूर होते, अशी तिची भाबडी श्रद्धा. २०२५च्या जानेवारीत एके दिवशी भल्या पहाटे तिचा फोन आला. तिचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेराव, पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहेत. वय अठ्ठावीस, पगार माझ्याहून बराच जास्त.

"अरे, तो रात्र रात्र मोबाइलवर पत्ते खेळतो," ताई म्हणाली. "पोकर म्हणतात त्याला."

"बरेच पैसे घालवले का?"

"घालवले असते तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. घालवत नाही रे, मिळवतो! म्हणून तर भीती वाटते. आता नोकरी सोडायच्या गोष्टी करतोय."

फेब्रुवारीच्या २७ तारखेला, मराठी भाषा गौरव दिनी, गोव्यातल्या एका संस्थेने मला व्याख्यानाला बोलावले होते. भाचेरावही नेमके त्याच दिवशी पणजीला पोकरच्या स्पर्धेसाठी निघाले होते. "तू जातोच आहेस तर त्याच्याबरोबर जा, आणि काय तो प्रकार आहे ते डोळ्यांनी बघ," असा ताईचा हुकूम सुटला. आणि मी कोल्हापुरात त्याच्या गाडीत बसलो.

आजरा मागे पडले, आंबोली आली. तिथल्या एका टपरीवर चहा घेताना मी विषयाला हात घातला. वाटेत तोंडी लावायला घेतलेले खारे शेंगदाणे त्याने माझ्या हातून काढून घेतले आणि बाकड्यावर पसरले.

"मामा, आज मी जी स्पर्धा खेळणार आहे तिला सॅटेलाइट म्हणतात."

"म्हणजे उपग्रह," मी म्हणालो. भाषांतराची खोड जात नाही.

"उपग्रहच म्हण. खरी मोठी स्पर्धा उद्यापासून आहे. तिची प्रवेश-फी पन्नास हजार. तेवढे एकदम द्यायची सगळ्यांची तयारी नसते. म्हणून आज रात्री ही छोटी स्पर्धा. पाच-पाच हजार भरून पन्नास माणसं बसतील. जमले अडीच लाख. जहाजवाल्यांची दलाली वरून वेगळी. अडीच लाखांत पन्नास हजारांच्या जागा किती झाल्या?"

"पाच."

"म्हणजे शेवटी उरणाऱ्या पाच जणांना उद्याच्या स्पर्धेत एकेक जागा. यात पहिला नंबर नाही, दुसरा नंबर नाही. पाचही जण सारखे. सहावा आला तो मात्र हात हलवत घरी."

असल्या उपग्रहावरून ग्रहावर गेलेल्या एका माणसाची गोष्टही त्याने सांगितली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला एक हिशेबनीस. आडनाव मनीमेकर, म्हणजे अक्षरशः पैसा करणारा! त्याने २००३ साली घरबसल्या इंटरनेटवर ८६ डॉलरचा असा उपग्रह खेळून दहा हजार डॉलरची जागा मिळवली. लास व्हेगासच्या त्या जागतिक स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. त्या सर्वांना मागे टाकून तो पहिला आला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. तेव्हापासून जगातला प्रत्येक हिशेबनीस रात्री स्वप्ने पाहू लागला, असे भाचेरावांचे म्हणणे.

मग त्याने शेंगदाण्यांचे तीन सारखे ढीग केले.

"समज, तीन खेळाडू उरलेत, तिघांची पुंजी सारखी, आणि जागा दोन. तुला जागा मिळण्याचा संभव किती?"

"तीनात दोन. म्हणजे शंभरात सदुसष्ट."

"बरोबर. आता मी माझं सर्वस्व लावलं. तूही म्हणालास, बघतो याच्याकडे काय आहे ते, आणि तुझंही सर्वस्व लावलंस. पानं सारख्याच तोलाची. जिंकलास तर जागा, हरलास तर घरी. आता तुझा संभव किती?"

"निम्मा. पन्नास."

"म्हणजे लढाई बरोबरीची असूनसुद्धा नुसत्या लढण्यानं तू सतरा गमावलेस. मीही सतराच्या आसपास गमावले. ते गेले कुठे?"

मी तिसऱ्या ढिगाकडे पाहिले. तो जागचा हलला नव्हता. ज्याने पानेही पाहिली नाहीत, त्याला आता जागा नक्की मिळणार होती.

"दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ," मी म्हणालो.

भाचा खूश झाला. "तुमच्या म्हणी लोक नीट वाचत नाहीत, मामा. यातच सगळं गणित आलं. या खेळात समोरच्याच्या सर्वस्वाला उत्तर द्यायचं असेल, तर शंभरात सदुसष्टपेक्षा जास्त वेळा जिंकणारी पानं हवीत. नुसती बरी पानं चालत नाहीत. उलट, आधी लावणारा मी असलो, तर ओझं तुझ्यावर. तू पानं मिटलीस की मधली रक्कम न लढताच माझी."

तीनपत्तीवाले ज्याला 'पॅक' होणे म्हणतात, तेच हे पाने मिटणे. मी विचारले, "आणि समोरच्याला हे गणित येत नसेल तर?"

"मग त्याच्यापुढे शौर्य दाखवायचं नाही. तो दोन चित्रं पाहून भुलतो आणि लढायला येतो. तोही बुडतो, आपणही बुडतो."

हे वाक्य मी मनात टिपून ठेवले. पंचवीस वर्षांच्या संसारात आणि वीस वर्षांच्या स्टाफरूममध्ये मला जे कोणी इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते, ते आंबोलीच्या टपरीवर एक अठ्ठावीस वर्षांचा पोरगा सांगत होता.

संध्याकाळचे माझे व्याख्यान यथासांग पार पडले. चाळीस खुर्च्या आणि सतरा श्रोते. त्यांपैकी तिघे संस्थेचे पदाधिकारी. श्रीफळ आणि शाल घेऊन मी मांडवीच्या धक्क्यावर आलो. गोव्यात पत्त्यांच्या टेबलांना कायद्याने जी मोकळीक पाण्याला आहे, ती जमिनीला नाही. म्हणून ती झगमगणारी जहाजे नदीच्या पात्रात नांगर टाकून उभी असतात आणि होडीतून माणसे ने-आण करतात. होडीत शाल पांघरलेला मीच एकटा होतो.

मी पोहोचलो तेव्हा पन्नासांतले बारा उरले होते. कठड्यापलीकडे उभे राहून पाहायला मज्जाव नव्हता. पोकरचे नियम एवढेच कळले तरी पुरे: प्रत्येकाला दोन पाने, ती त्याची त्याने पाहायची. मध्ये पाच पाने उघडी, ती सर्वांची. दर डावात दोघांना पाने पाहण्याआधीच ठरावीक रक्कम टाकावी लागते, एकाला लहान आणि एकाला मोठी. तिला ब्लाइंड म्हणतात. ही पाळी फिरत राहते, आणि ठरावीक वेळाने रक्कम वाढत जाते. म्हणजे काहीही न करता नुसते बसले, तरी पुंजी झिजते. शेवटी ती इतकी उरते, की थोडे लावून पाहू असे म्हणण्याची सोयच राहत नाही. एक तर सर्वस्व लावायचे, नाही तर पाने मिटायची. तिसरा मार्ग नाही.

बाराचे नऊ झाले, नऊचे सात, आणि मध्यरात्रीनंतर सहा उरले. जागा पाच. सहापैकी एकच बाहेर जायचा होता, आणि तो आपण नसावे एवढीच प्रत्येकाची इच्छा.

टेबलावर चकत्यांच्या रूपाने एकूण पाच लाखांची पुंजी होती. पांढऱ्या टोपीतल्या एका खेळाडूकडे दीड लाख. आमच्या भाचेरावांकडे एक लाख वीस हजार. दिल्लीकडचे एक व्यापारी गृहस्थ, त्यांच्याकडे एक लाख दहा. कानांवर मोठे यंत्र लावलेला एक तरुण, त्याचे ऐंशी हजार. एक बाई शांतपणे लिंबूसरबत पीत होत्या, त्यांचे तीस. आणि कोपऱ्यातला एक चष्मेवाला मुलगा नखे खात होता. त्याचे फक्त दहा. मोठा ब्लाइंडच दहा हजारांचा होता आणि तो दोन डावांनी त्याच्यावर येणार होता. म्हणजे बिचाऱ्याच्या आयुष्याचे दोन डाव उरले होते. बाई त्याची पाळी येण्याची वाट पाहत होत्या. दुसऱ्याचा अंत आपल्या अंताआधी येणार असेल, तर हाताची घडी घालून बसावे, हे त्या अवस्थेतले शहाणपण. मला ते शहाणपण तितकेसे रुचले नाही. का रुचले नाही, ते पुढे सांगतो.

टोपीवाल्याने पाने पाहिली आणि आपला सगळा ढीग पुढे सारला. पाळी भाच्याची. त्याने पानांचे कोपरे किंचित उचलून पाहिले आणि तो स्तब्ध झाला. बराच वेळ गेला. त्याच्या गळ्याची गाठ खाली-वर होताना मला कठड्यापलीकडून दिसली. मग त्याने ती दोन्ही पाने पालथीच पुढे सरकवली. मिटली.

मला हायसे वाटले. पाने भिकार असतील, असे मी धरून चाललो.

पुढचा डाव. टोपीवाल्याने पुन्हा सगळे सारले. दिल्लीच्या गृहस्थांची पाळी आली. त्यांनी पाने पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. "किती वेळा गप्प बसायचं?" असे काहीसे हिंदीत पुटपुटून त्यांनी आपले एक लाख दहा हजार पुढे लोटले, आणि पाने उघडी केली. राजांची जोडी! टोपीवाल्याकडे एक एक्का आणि एक सत्ती. शंभरात सत्तर वेळा राजे जिंकतात. पण ही वेळ उरलेल्या तिसांतली होती. मध्ये तिसरेच पान एक्का पडला.

खेळ संपला. गृहस्थ उभे राहिले आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, "राजे होते, साहेब, राजे." आणि दहा हजारवाला चष्मेवाला मुलगा दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होता, की रडत होता, ते मला कळले नाही. टोपीवाल्याला जी चिठ्ठी मिळाली, तीच त्याला मिळाली. भाच्यालाही तीच.

परत धक्क्यावर आलो तेव्हा एक रस-ऑम्लेटचा गाडा अजून उघडा होता. दोन घास पोटात गेल्यावर भाचा म्हणाला, "मामा, त्या डावात माझ्याकडे काय होतं माहीत आहे? दोन एक्के."

माझ्या हातातला पाव रश्शात पडला. दोन एक्क्यांहून मोठी दोन पाने पत्त्यांच्या जोडात नाहीत, एवढे मलाही कळत होते.

"टाकलेस? दोन एक्के?"

"समोर कुठलीही दोन पानं असोत, एक्के शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकतात. पण काहीही न करता माझी जागा शंभरात सत्त्याण्णव वेळा पक्की होती. दोन डावांनी तो चष्मेवाला अडकणारच होता. टेबलावर मला संपवू शकेल असा एकटा टोपीवालाच. त्याच्याशीच लढून दोन लाख चाळीस हजार केले असते, तरी जागा एकच मिळणार होती. दोन जागांवर थोडंच बसता येतं?"

मोडेन पण वाकणार नाही, हे ज्या भाषेत भूषण मानले जाते ती मी पोटासाठी शिकवतो. मला राहून राहून सभापर्वाची आठवण होत होती. द्यूताचा पहिला डाव सर्वांच्या तोंडी असतो. त्यानंतरचे कोणी फारसे बोलत नाही. द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे पांडव मुक्त झाले. धृतराष्ट्राने गेलेले राज्यही परत दिले. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. म्हणजे जागा मिळाली होती. आणि तेवढ्यात परत खेळायला बोलावणे आले. युधिष्ठिर माघारी फिरला, बसला, आणि बारा वर्षांचा वनवास व एका वर्षाचा अज्ञातवास पदरात पाडून उठला. आव्हान आले तर नाही म्हणायचे नाही, हे त्याचे ब्रीद. त्याला फासे येत नव्हते हे खरेच; पण त्याहून मोठी गोष्ट, त्याला पाने मिटता येत नव्हती. दिल्लीच्या त्या गृहस्थांचे राजे सर्वांनी पाहिले आणि सर्वांनी हळहळ व्यक्त केली. माझ्या भाच्याचे एक्के कोणीच पाहिले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मी वर्गात नेहमी दांभिकपणाचे उदाहरण म्हणून सांगत आलो. तिच्यात असाही एक अर्थ असेल, असे कधी वाटले नव्हते.

मी संधी साधली. "अरे, एवढं तुला कळतं, तर मग नोकरी म्हणजे तुझी जागाच नव्हे का? ती मिळालेली असताना सर्वस्व लावायला का निघालास?"

तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. "मामा, ब्लाइंड विसरतोस तू. मी नुसता बसून राहिलो, तरी काहीतरी झिजतंच आहे. दोन वर्षं मी रात्री खेळतो आणि दिवसा पेंगतो. वाट पाहणं हीसुद्धा पैजच असते. ती लावताना दिसत नाही, एवढंच."

यावर मी बोललो नाही. कारण हे वाक्य त्याने भाच्याच्या नात्याने उच्चारले असले, तरी ते माझ्यावर येऊन आदळले होते.

आता मघाचे राहिलेले सांगतो. मी कायम प्राध्यापक झालो तो चाळिसाव्या वर्षी. त्याआधीची अकरा वर्षे तासिका तत्त्वावर गेली: जितके तास शिकवले तितक्या तासांचे पैसे, आणि सुट्टीत काही नाही. आमच्या विभागात असे आम्ही तिघे होतो. कायम जागा निघेल तर एक निघेल, हे तिघांनाही माहीत होते. एकत्र चहा पीत होतो, एकमेकांच्या मुलांच्या बारशांना जात होतो. आणि दर जून महिन्यात प्रत्येक जण मनात मोजीत होता, यंदा कोण कंटाळेल? दुसऱ्या वर्षी मला मुंबईच्या एका वृत्तपत्रातून पुरवणीचे काम पाहण्यासाठी बोलावणे आले. "पुढच्या वर्षी जागा निघणार आहे," असे म्हणून मी नकार दिला. पुढचे वर्ष नऊ वर्षांनी आले. तोवर एकाने शिकवणीचे वर्ग काढले होते. दुसरा, जो आम्हा तिघांत निःसंशय हुशार होता, आणि ज्याच्या वर्गाबाहेर दुसऱ्या शाखांची मुले उभी राहून ऐकत, तो सासऱ्यांच्या दुकानात बसू लागला होता. मुलाखतीला विभागातला मी एकटा उरलो होतो. जागा मला मिळाली ती मी हुशार म्हणून नव्हे. मी उठलो नाही म्हणून. कोपऱ्यात नखे खाणारा तो चष्मेवाला मी चांगला ओळखत होतो.

ही हकीकत मी त्या रात्री भाच्याला सांगितली. ताईलाही कधी सांगितली नव्हती. तो म्हणाला, "मग तू बरोबर खेळलास, मामा. पानं नसताना जागा मिळवलीस."

"जागा मिळाली," मी म्हणालो, "पण अकरा वर्षांचे ब्लाइंड कोणी भरले, ते तुझ्या मामीला विचार."

मग मी त्याला एकच प्रश्न विचारला. उपदेश करण्याचा धीर माझ्यात उरला नव्हता. "तू आज एक्के मिटलेस, कारण टेबलावर जागा पाच आहेत आणि सगळ्या सारख्या आहेत, हे तुला ठाऊक होतं. उद्याच्या मोठ्या स्पर्धेत असंच खेळशील का?"

"छे! तिथं बक्षिसांचा मोठा वाटा वरच्या दोन-तिघांना. तिथं नुसतं टिकून भागत नाही. गोळा करावं लागतं."

"मग नोकरी सोडून जे करणार आहेस, ते यांतलं कुठलं? उपग्रह, की ग्रह? नुसतं टिकलं तरी पुरे, असं आयुष्य तुला हवंय, की पहिला आलो तरच अर्थ, असं? ते ठरव, आणि मग लावायचं की मिटायचं ते ठरव."

त्याने उत्तर दिले नाही. गाड्यावाला विस्तव विझवू लागला, आणि आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या स्पर्धेत भाचेराव दुपारच्या चहाच्या आतच बाहेर आले. बरी पाने होती, सर्वस्व लावले, समोरच्याची पाने सरस निघाली. मला वाटले, चेहरा पडलेला असेल; पण तो शीळ घालीत आला. "लावायची वेळ होती, लावलं," एवढेच म्हणाला. परतीच्या वाटेवर मात्र तो गप्प होता. सावंतवाडी मागे टाकल्यावर म्हणाला, "राजीनामा दिवाळीपर्यंत थांबवतो. तुझा प्रश्न अवघड आहे."

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बंद केले. कंपन्यांनी आठवड्याच्या आत आपले टेबल मिटले. भाच्याने राजीनामा दिला असता, तर भर पावसात उघड्यावर पडला असता.

कायदा झाला आणि पाठोपाठ गणपती आले. गौरीच्या रात्री ताईकडे जागरणाला गेलो, तर माझे स्वागत एखाद्या सत्पुरुषासारखे झाले. "माझ्या भावानं वाचवलं!" असे ती आल्यागेल्याला सांगत होती. दाजींनी, जे एरवी माझ्याशी पावसापाण्याखेरीज बोलत नाहीत, स्वतःच्या हाताने पानाचे तबक पुढे केले. मी ओशाळून भाच्याकडे पाहिले. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई म्हणते, तू बरोबर होतास. पण कायदा येणार हे तुलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. निकालावरून डाव जोखायचा नसतो, मामा."

त्याचे खरे होते. माझ्या शहाणपणाने नव्हे, पान बरे पडले म्हणून तो वाचला होता. आणि वाचला म्हणजे तरी काय? ज्या एका कामात तो खरोखर निपुण होता, ते एका रात्रीत बंद झाले. नोकरी चालू आहे. पण त्याच्या डोळ्यांत ती आंबोलीच्या टपरीवरची चमक मला दिसली नाही.

ते पाहून मीच शेंगदाण्यांचा डबा मागवला. "मांड तुझे तीन ढीग. तू, मी आणि ताई. जागा दोन."

पाने वाटली गेली. ताईने आपली पाने धड पाहिलीही नाहीत. "मला मेलीला काय कळतंय!" म्हणत तिने सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढे लोटला. भाच्याने पाने मिटली. माझी पाळी आली.

मी कोपरे उचलून पाहिले. राजांची जोडी.

मी विचार केला, निदान तसा चेहरा केला. जागा दोन, खेळाडू तीन, जपून असावे, हातचे सोडू नये. आणि मी पाने पालथी पुढे सरकवली. ताईने हसत आपली पाने उघडली. एक दुर्री आणि एक सत्ती!

"मामा, तुझ्याकडे काय होतं?" भाच्याने विचारले.

"काही नाही रे, किरकोळ," मी म्हणालो, आणि माझी पाने गड्डीत मिसळून टाकली.

पण वाचकहो, तुमच्यापाशी लपवण्यात अर्थ नाही. लढायला हवे होते सदुसष्ट; आणि न पाहता लावणाऱ्या ताईसमोर राजांची जोडी शंभरात ऐंशीहून अधिक वेळा जिंकते. हिशेब मला येत होता. तो मी केलाच नाही. त्याचे एक्के हिशेबाने मिटले गेले होते. माझे राजे नुसत्या सवयीने.